भाव, उचल, पिशवी अन् पंधराशे: सेंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ऑनलाईन कामाचं सेंटर चालवतो. पीकविमा, ई-पीक पाहणी, लाडकी बहीणची केवायसी, आयुष्मान कार्ड, सगळं इथंच होतं. माणूस येतो एका कामाला अन् विचारतो चार गोष्टी, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मला एक दिसलंय की सोयाबीनच्या भावाचं विचारणारा माणूस दहा मिनिटांत दवाखान्याच्या बिलावर येतोच. आपल्याकडं हे दोन वेगळे विषय नाहीतच. घरात दुखणं निघालं की माल येईल त्या भावात घालावा लागतो, माल पडत्या भावात गेला की ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाकडनं उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यावे लागतात, आणि उचल घेतली की बाईमाणसाला कितीही दुखलं तरी उसाच्या फडात उभं राहावं लागतं. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून काढलेत.

२०२५ ला सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता ना, मग मोंढ्यात (बाजार समितीत) चार-सव्वाचार हजारानं का मागत होते?

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता, हे खरंय. पण तो हातात पडायचा तर सरकारचं खरेदी केंद्र उघडलं पाहिजे, तुमची नोंदणी झालेली पाहिजे, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनच लागलेलं पाहिजे, तुमच्या नंबरचा मेसेज आला पाहिजे आणि वर माल ओलाव्यात पास झाला पाहिजे. ह्यातलं एक जरी हुकलं तरी तुम्ही परत मोंढ्यात. आणि आपल्याला पैसा लागतो दिवाळीच्या आधी, हडंब्यावाल्याचे (मळणीयंत्राचे) द्यायचेत, काढणीचं गुत्तं द्यायचंय, दुकानदाराची खताची उधारी उभी आहे. २०२५ ला तर दिवाळी होऊन गेली तरी केंद्रं सुरू नव्हती, तोवर गरजवंताचा माल विकून झालेला.

मोंढ्यातला भाव कमी का, तर सोयाबीनचं गणित तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतं. एका क्विंटलातनं तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी जवळपास सगळी पेंड, जी कोंबड्यांच्या खाद्याला जाते. आता मका अन् तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले, त्यांच्याकडनं जो चोथा निघतो तो पेंडीपेक्षा स्वस्त पडतो, पोल्ट्रीवाले तो घ्यायला लागले. म्हणजे तिकडं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं अन् इकडं लातूरकडच्या औशाच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनचा भाव बसला, असं ते लांबनं जोडलेलं आहे. तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केला, आपल्याला वाटलं आता उठेल बाजार, तर ३० मे २०२५ ला तोच कर साडेसोळावर आणून ठेवला. पेरणीच्या तोंडावर. शहरात तेल महागलं की ओरड लगेच दिल्लीत ऐकू जाते, आपली मात्र लातूरच्या पुढं जात नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजाराच्या आसपास गेला होता हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच महिन्यात १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि आपला नवा माल निघेपर्यंत भाव खाली, हे फार जणांच्या ध्यानात राहत नाही.

ओलावा, ओलावा म्हणतात, हे नक्की काय?

सरकारी खरेदीला १२ टक्के ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात ओरड झाल्यावर १५ पर्यंत सूट दिली होती. मोंढ्यात आडत्या कट्ट्यात (पोत्यात) कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर काढतो, एक दाणा दाताखाली धरतो, कच्च आवाज आला नाही की "वल हाय काका" म्हणतो अन् भाव तिथल्या तिथं तीनशेनं खाली. मशीनही असतं पण माझ्या वडिलांच्या एकाच कट्ट्यातला माल दोन दुकानांत दोन आकडे दाखवतो हे मी डोळ्यानं बघितलंय. सप्टेंबर २०२५ च्या पावसात ज्यांच्या गंजीत पाणी शिरलं, शेंगा झाडावरच उगवल्या, त्यांचा माल कुठल्याच चाळणीतनं पास होणार नव्हता, त्यांना हमीभाव हा शब्द ऐकूनसुद्धा त्रास होतो, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

मग ठेवावं का विकावं?

भाव वाढेलच असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, मीही सांगणार नाही. पण पैशाची नड आहे म्हणून सगळाच माल घालायची गरज नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, व्याज ६ टक्के. सावकाराचं महिन्याचं तीन-पाच टक्के आणि हे वर्षाचं सहा, फरक बघा. तुमच्या समितीत ही योजना चालू आहे का हे आधी जाऊन विचारा, बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं.

लाडकी बहीणचे पंधराशे घेतो म्हणजे आम्ही विकलो गेलो का?

नाही. हा प्रश्न माझ्या सेंटरवर एका माऊलीनं विचारला, खाली मान घालून, कारण चौकात कुणीतरी तसं बोललं होतं. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असलेल्या बायांना महिन्याला १५०० मिळतात, तो पैसा तिच्या खात्यात पडतो, नवऱ्याच्या नाही, आणि पहिल्यांदा तिला कुणाला न विचारता मेडिकलमधनं गोळी घेता येते. मी हे रोज बघतो. घ्या पैसे, हक्कानं घ्या.

पण हिशेब मात्र करा. दोन एकर सोयाबीन, झालं बारा क्विंटल, हमीभावापेक्षा हजार कमी मिळाले तर गेले बारा हजार, म्हणजे लाडकी बहीणचे आठ हप्ते एका दिवसात मोंढ्यात ठेवून आलो. आणि निवडणुकीत २१०० चा शब्द दिला होता तोही लक्षात ठेवा. पैसा खात्यात टाकणं सोपं असतं, डॉक्टर गावात आणून बसवणं अवघड, म्हणून पुढारी पहिलं करतात आणि दुसऱ्यासाठी तारीख देतात. पंधराशे घेणाऱ्या बाईनं प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईडॉक्टर का नाही हे विचारलं तर ती उपकार विसरली असं होत नाही.

(हप्ता पाचशेच पडला म्हणून घाबरून येतात. नमो शेतकरीचे पैसे त्याच बाईच्या नावानं येत असतील तर इथं फरकाचे ५०० मिळतात, खात्यात गडबड नसते.)

ऊसतोडीची मजुरी वाढली म्हणतात, तरी उचल का फिटत नाही?

जानेवारी २०२४ मध्ये करार झाला, मजुरीत ३४ टक्के वाढ, टनाला पावणेतीनशेच्या आसपास होते ते साडेतीनशेच्या पुढं गेले. वाढ चांगली आहे, संघटनांनी भांडून घेतलीय. आता गणित मांडू. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून दिवसाला दोन टनाच्या आसपास तोडतात, पहाटे चारला उठून. लाखाची उचल घेतली तर ती फिटायला पावणेतीनशे टन तोडावं लागतं, म्हणजे जवळजवळ १३५ दिवस, म्हणजे अख्खा हंगाम. कारखाना लवकर बंद झाला, पाऊस आला, गाडी चिखलात फसली, की उचल अंगावर आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं. त्यात खाडा. एक दिवस कामाला नाही गेलं तर दंड, कुठं पाचशे कुठं हजार, आणि कोयता दोघांचा म्हणून बाई आजारी पडली तरी खाडा दोघांचा.

हा खाडाच सगळ्या पुढच्या गोष्टींचं मूळ आहे असं माझं मत आहे.

डॉक्टरनं गर्भपिशवी काढायला सांगितलीय, काढू का?

हा प्रश्न मला विचारायचा नसतो, मी डॉक्टर नाही, पण मेडिकलवाल्याला विचारतात तसं मलाही विचारतात, फाईल काउंटरवर ठेवून. म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या काकूची पिशवी काढली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, ओटीपोट दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि सांगितलं पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर शब्द ऐकल्यावर कोण थांबतं, काकांनी मुकादमाकडनंच तीस हजार घेतले, उचलीवर चढवले. टाके नीट सुकायच्या आत ती फडात होती. आज ती चाळिशीत आहे, गुडघे धरून उठते, रात्री अंगातनं वाफा निघतात म्हणून दारात येऊन बसते, आणि तिला अजून माहीत नाही की पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली होती का, कारण कागदावर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलंच नाही. मी ती फाईल शोधली, पत्र्याच्या पेटीत होती, पाणी लागून अक्षरं गेलेली.

ती एकटी नाही. २०१९ मध्ये बीडचं प्रकरण देशभर गाजलं, नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा. देशाची सरासरी, १५ ते ४९ वयात, तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ह्या आकड्यापुढं आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याच पुढाऱ्यानं मान वर करून बोलू नये, मग पक्ष कोणताही असो.

आता कामाचं. अंगावरून पांढरं जाणं हे बऱ्याच वेळा इन्फेक्शन असतं, त्याला गोळ्यांचा कोर्स असतो, काही इन्फेक्शनला तो नवराबायको दोघांनी घ्यायचा असतो, नाहीतर परत होतं. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) संडास नाही, पाणी टँकरचं नाहीतर पाटाचं, पाळीला फडकं वापरायचं आणि ते वाळवायला ऊन दाखवायची लाज, मग इन्फेक्शन नाही होणार तर काय होईल. पिशवी काढायची वेळ येते ती कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी असल्या, औषधानं रक्त थांबतच नसलं, अंग बाहेर आलं, अशा वेळी, आणि तेव्हा ऑपरेशन टाळूही नये. बाकी वेळी "आज तपासलं, उद्या ऑपरेशन" असं कुणी म्हणालं तर फाईल उचला आणि बाहेर पडा.

बीड जिल्ह्यात २०१९ पासून खाजगी दवाखान्यालाही पिशवीच्या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ती घेतलीय का, असं तोंडावर विचारा. आणि दुसरं मत सरकारी ठिकाणी घ्या, अंबाजोगाईला स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय आहे, बीडला सिव्हिल आहे, लातूरला सरकारी दवाखाना आहे, संभाजीनगरला घाटी हा मोठा सरकारी दवाखाना आहे. मागच्या वर्षी एक सूनबाई अशीच फाईल घेऊन आली होती, तिला मी हात जोडून अंबाजोगाईला धाडलं, तिथनं ती चौदा दिवसांच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन आली. पिशवी आहे तशी आहे. हिमोग्लोबिन सात होतं तिचं, ते कुणी बघितलंच नव्हतं.

आता पाळीच नाही तर बरंच की, खाडा तरी होत नाही?

हे बायाच बोलतात, मोकळेपणानं बोलतात, आणि ऐकून पोटात कालवतं. शरीराचा भाग काढून टाकणं दंडापेक्षा स्वस्त पडतंय असा हा हिशेब आहे. अंडाशयं गेली तर तिशीतच म्हातारपण सुरू होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि ज्या बाईनं मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं तिला हाडंच लागतात. पाळीच्या दिवसाचा खाडा माफ झाला पाहिजे, ही मागणी करारात आली पाहिजे. टनामागं साखर कारखाने १० रुपये देतात आणि तेवढेच सरकार घालतं, ते पैसे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाकडं जातात, त्यातनं हे होऊ शकतं.

जन आरोग्य योजनेत सगळं फुकट आहे तर दवाखाना पैसे का मागतो?

२०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, पुढं महात्मा फुले नाव झालं, आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण योजनेच्या यादीतला दवाखाना पाहिजे आणि यादीतलाच आजार पाहिजे. नुसतं तपासून गोळ्या लिहून दिल्या तर त्याला योजना नाही, आणि आपल्या घराचा पैसा खरा तिथंच झिरपतो, दोनशे फी, आठशेच्या तपासण्या, हजाराच्या गोळ्या, दर महिन्याला.

ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. आधी डिपॉझिट भरा मग योजनेत बसवू, असं म्हणले तर पावती मागा आणि १५५३८८ ला तिथंच उभं राहून फोन लावा. फोन कानाला लावलेला दिसला तरी बऱ्याच गोष्टी सुरळीत होतात. सत्तरच्या पुढच्या म्हाताऱ्यांचं वेगळं आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, ते काढून ठेवा.

सरकारी दवाखान्यात जाऊन मरायचं का? नांदेडला काय झालं बघितलं ना?

बघितलं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नुकती जन्मलेली लेकरं होती. खाटांपेक्षा पेशंट कितीतरी जास्त, औषधाच्या चिठ्ठ्या बाहेरच्या, आजूबाजूच्या जिल्ह्यांतनं अन् तेलंगणातनंही शेवटच्या अवस्थेत आणलेली माणसं. एका खासदारानं डीनला संडास साफ करायला लावला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्यानं एक नर्स वाढली का?

तरी मी सरकारी दवाखान्यातच जा म्हणतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत आहे. घाटीत मध्यरात्री खाली फरशीवर गादी टाकून का होईना पण पेशंट घेतात, परत पाठवत नाहीत. जे घर शेत विकून खाजगीत जाऊ शकत नाही त्याला हाच एक दवाखाना आहे, म्हणून तो सुधारावा म्हणून ओरडायचं, सोडून द्यायचं नाही.

एक रुपयातला पीकविमा बंद का झाला?

२०२३ च्या खरिपापासून एक रुपया होता, बोगस अर्ज फार निघाले (आमच्या जिल्ह्याचं नाव त्यात वर होतं, ते खोटं नाही), २०२५ च्या खरिपाला बंद केला. आता खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५. मोठा घाटा हप्त्याचा नाही. आधी पूर आला, पाऊस झाला की आपण तक्रार टाकायचो आणि भरपाई मिळायची, तो भाग २०२५ च्या खरिपात काढला, राहिली फक्त पीक कापणी प्रयोगावर महसूल मंडळाची सरासरी. नदीकाठच्या दहा जणांचं वाहून गेलं आणि वरच्या माळाचं चांगलं आलं तर सरासरीत दहा जण बुडाले.

अतिवृष्टीचं अनुदान बँकेनं कर्जात वळतं केलं, करता येतं का?

नाही, शासन तसं करू नका म्हणून बँकांना सांगत असतं. माझ्या वडिलांच्या खात्यावर बँकेनं होल्ड लावला होता, पैसे आलेले दिसायचे, निघायचे नाहीत. मॅनेजर साहेब गोड बोलायचे, उद्या या म्हणायचे. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, प्रत तहसीलला दिली, आठव्या दिवशी होल्ड निघाला. तोंडी भांडू नका, पोच घ्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, सिंदफणा, मांजरा, सीनेच्या काठची माती खरडून गेलेल्यांसाठी त्यात वेगळी मदत आहे, पण पंचनाम्यात "पीक नुकसान" लिहिलंय का "जमीन खरडली" लिहिलंय ते तलाठ्याकडं जाऊन वाचा, सगळा फरक त्या दोन शब्दांत आहे.

कर्जमाफी होणार आहे, मग कर्ज भरू का नको?

३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं मुख्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. २०१७ ला दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची, प्रत्येक वेळी तारखांची अट होती आणि नियमित भरणाऱ्याच्या हातात तुलनेनं कमी पडलं. तरी मी काय सांगतो, ज्याला जमतंय त्यानं भरावं, वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही. ज्याला जमतच नाही त्याला मी कोण सांगणार.

घरचा माणूस बोलत नाही, रात्रभर जागा असतो, काय करू?

एकटं सोडू नका, फवारणीच्या औषधाचे डबे आणि दोरखंड नजरेआड ठेवा. १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो बोलणार नसेल तर तुम्ही लावा. आणि ही गोष्ट सरळ विचारा, जीवाचं काही मनात येतंय का म्हणून. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते घुसत नाही, उलट माणूस रडून मोकळा होतो.

तुम्ही कोणत्या पक्षाचे?

मतदान करतो, कुणाला ते सांगत नाही. माझ्याकडं सगळ्यांच्या घरच्या बाया फॉर्म भरायला येतात.

दसऱ्यानंतर टोळी निघणार आहे, जाताना काय काय न्यावं?

रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आयुष्मान कार्ड मोबाईलमध्ये पण आणि कागदावर पण. निघायच्या आधी आशाताईकडनं रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिनचा आकडा लिहून घ्या, रक्तवाढीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मागून घ्या, त्या चहाबरोबर घेऊ नका. लहान लेकराचं लसीचं कार्ड न्या, तिकडच्या गावात पण लस देतात, कर्नाटकात गेलात तरी देतात. बाई पोटुशी असेल तर कोणता महिना आहे ते मुकादमाला निघायच्या आधीच सांगा आणि गाडीला १०८ लावायची हे टोळीतल्या दोघांना तरी पाठ करून ठेवा. उचलीचा आकडा वहीत लिहून मुकादमाची सही घ्या, लिहिता येत नसेल तर माझ्याकडं या, त्याचे पैसे मी घेत नाही.